पाचवं फंक्शन

मी तापट आहे हे आमच्या घरात पहिल्यापासून माहीत होतं. ऑफिसात ते कळायला दोन वर्षं लागली, आणि कळलं ते एका फंक्शनपायी.

ऑफिस म्हणजे आमच्या हिंदी मुलखातल्या गावात, ओमती नावाच्या वस्तीत, एका कापडाच्या दुकानाच्या वरच्या दोन खोल्या. जिना इतका अरुंद की उतरणाऱ्याने वर येणाऱ्याची वाट बघत थांबायचं. त्या दोन खोल्यांत आम्ही सात जण बसून एक व्हर्जन कंट्रोल सिस्टीम लिहीत होतो. आई विचारायची, म्हणजे नेमकं करता काय? मी सांगायची, कॉम्प्युटरवरच्या प्रत्येक फाइलची जुनी रूपं जपून ठेवणारा प्रोग्राम आहे. कोणी काय बदललं, कधी बदललं, चुकलं तर मागे कसं जायचं, सगळं सांगतो. आई म्हणाली, "मागचं उकरून काढायचं ना? ते तर तुझी आत्या फुकटात करते."

आता असले प्रोग्राम खरंच फुकट मिळतात. तेव्हा आमच्या गावातल्या नकाशे काढणाऱ्या, पत्रिका छापणाऱ्या लहान लहान ऑफिसांना त्यांची वार्ता नव्हती. आमचे मालक स्कूटरवर सीडी घेऊन हिंडायचे आणि चहा पिता पिता तो विकून यायचे. सगळे त्यांना भैयाजी म्हणायचे. माणूस वाईट नव्हता. घाईत मात्र नेहमी असायचा.

सातांत मराठी आम्ही दोघंच, मी आणि काका. मी अधारतालहून टेम्पोत बसून यायची, काका कमानिया गेटच्या मागच्या गल्लीतून पायी यायचे. पंचावन्न उलटलेले, बुशशर्टच्या खिशात दोन पेन्सिली. आधी एका ऑफिसात नकाशे काढायचे. तिथे कॉम्प्युटर आले तेव्हा बरोबरीचे लोक पेन्शनचे दिवस मोजू लागले आणि हे पुस्तकं आणून प्रोग्रामिंग शिकत बसले. त्यांचे वडील अमरावतीकडून आलेले, ते आणि आमचं गाव एकाच राज्यात होतं तेव्हा. अर्धं गणगोत तिकडे, महाराष्ट्रात. काका म्हणायचे, "आम्ही जागचे हललो नाही बेटा. राज्यच सरकलं." जेवणाच्या सुट्टीत आम्ही दोघं मराठी बोलायला लागलो की बाकीचे डबे घेऊन जवळ सरकायचे आणि आमची नक्कल करायचे. अर्धं त्यांना कळायचं, उरलेलं ते मनाने लावायचे.

पहिल्याच दिवशी शेजारच्या टेबलावरच्या मुलीने मला ऑफिसचा नियम सांगितला होता. "दीदी, किसी के लिखे को हाथ मत लगाना. बुरा लगता है." म्हणजे ज्याचं फंक्शन, त्याचंच. फंक्शन म्हणजे प्रोग्रामातला एक लहान तुकडा, ठरावीक एकच काम करणारा. बाकीच्या प्रोग्रामाने त्याला हाक मारायची, त्याने काम करून उत्तर द्यायचं. एखाद्याचं फंक्शन पटलं नाही तर त्याला तसं म्हणायचं नाही, त्यातलं अक्षर बदलायचं नाही. मुकाट्याने शेजारी आपलं दुसरं लिहायचं. वडीलधाऱ्याच्या बोलण्यात चूक काढायची नाही, असं घरोघरी शिकून आलेली पोरं ती. तेच त्यांनी कोडात आणलं. मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. मीही चांगल्या घरची होते.

याचा परिणाम असा झाला की 'ही फाइल बदलली का?' एवढा एक प्रश्न विचारायला आमच्याकडे चार फंक्शनं होती. पहिलं काकांचं. ते फाइल पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचायचं आणि जपून ठेवलेल्या प्रतीशी ताडून बघायचं. कधी चुकायचं नाही, पण मुंगीच्या पावलाने चालायचं. दुसरं पुढे पुण्याला निघून गेलेल्या एकाचं, ते फक्त फाइलचा आकार बघायचं, म्हणजे तिच्यात एकूण अक्षरं किती ते. तिसरं शेजारच्या मुलीचं, ते वेळ बघायचं, की फाइल शेवटची कधी सेव्ह झाली. आणि चौथं माझं. ते आधी वेळ, मग आकार बघायचं. मी ते पहिल्याच महिन्यात लिहिलं होतं आणि मला त्याचा फार अभिमान होता.

चार तोंडं म्हटल्यावर चार उत्तरं यायचीच. एका नकाशेवाल्या ऑफिसातून फोन आला. पडद्यावरची यादी म्हणते तीन फाइली बदलल्या, आणि जमा करायला, म्हणजे नवं रूप जपून ठेवायला द्यायला, जावं तर तोच प्रोग्राम म्हणतो काहीच बदललेलं नाही. खरं काय समजायचं? भैयाजींनी मला आत बोलावलं. "चारों को मिलाकर एक करो," म्हणाले. "साफ, सीधा, जो कोई भी पढ़ ले." मी उठले तेव्हा कागद चाळत सहज पुढे म्हणाले, "उसके बाद देखना पड़ेगा काका जी के लिए क्या बचता है."

मी दारातच थांबले. काकांकडे ऑफिसात कामं दोन. ते फंक्शन आणि त्याच्या आजूबाजूची फाइली ताडून बघण्याची सगळी गुंतागुंत, जी त्यांच्याखेरीज कोणाला कळत नव्हती, म्हणून कुठे काही अडलं की जो तो त्यांच्या टेबलाशी जायचा. आणि दोन-तीन जुन्या गिऱ्हाइकांचे फोन. मी चारांचं एक केलं, तेही कोणालाही वाचता येईल असं, तर काकांकडे विचारायला कोण जाणार? त्या वयात त्यांना दुसरीकडे कोण घेणार? पगारावाचून त्यांची चूल बंद पडली नसती, हे मला माहीत होतं. पण कोणीतरी येऊन "काका, जरा बघता का?" म्हटलं की त्यांचा चेहरा कसा व्हायचा, तेही मला माहीत होतं.

मी काकांना यातलं काही सांगितलं नाही. नुसतं म्हटलं, भैयाजींनी एक करायला सांगितलंय.

"कर नं मग," काका म्हणाले. "चांगलंच हाय. चार-चार काहून पाहिजे?"

मला तीन आठवडे लागले. अशा कामात लिहिणं थोडं आणि शोधणं फार. कोण कुठून कोणाला हाक मारतं ते बघायचं, एकाला काढून दुसरं बसवायचं, सगळं पुन्हा चालवून बघायचं. ते दिवस मला अजून आठवतात. थंडी होती, खिडकीतून ऊन थेट माझ्या कीबोर्डवर यायचं, खालच्या दुकानातून कापडाचं थान उलगडल्याचा धप्प आवाज यायचा. चार वाजता कोणीतरी खव्याची जिलेबी आणायचं आणि चिकट बोटांनी कीबोर्डला हात लावायचा नाही म्हणून आम्ही पंधरा मिनिटं नुसत्या गप्पा मारायचो. मी चोवीस वर्षांची होते. मला वाटायचं, आयुष्य म्हणजे हेच, आणि हे असंच चालणार. तसं वाटून घेण्यातलं सुख मला पुढे कुठल्याच ऑफिसात मिळालं नाही, मोठ्या पगाराच्या तर नाहीच नाही.

शेवटी एकच फंक्शन उरलं. आधी आकार बघायचा. आकार वेगळा, तर फाइल बदलली. आकार तोच असेल तर वेळ बघायची. फाइलची वेळ आपण लिहून ठेवलेल्या वेळेपेक्षा पुढची असेल तरच काकांच्या पद्धतीने अक्षर न् अक्षर वाचायचं. नाहीतर 'बदललेली नाही' म्हणून मोकळं व्हायचं. यादी यायला आधी चहा पिऊन होईपर्यंत वेळ लागायचा, ती आता डोळ्याचं पातं लवतं तोवर यायला लागली. शेजारच्या मुलीने टाळ्या वाजवल्या. काकांनी माझ्या खुर्चीमागे उभं राहून सगळं वाचलं. एका जागी थोडा वेळ थांबले. मग म्हणाले, "छान लिहिलं," आणि जागेवर जाऊन बसले. मी हवेत होते. त्यांचं ते थांबणं मी बघितलं, पण विचारलं नाही.

आठवड्याभराने, एका सोमवारी, यादी पुन्हा रांगायला लागली. चहा पिऊन झाला तरी येईना. मी सकाळपासून माझ्या फंक्शनच्या मागे लागले. त्यात काही बिघाड नव्हता. दुपारी सापडलं ते. माझं फंक्शन 'नाही' म्हणालं की लगेच त्याच्या पाठीवर दुसरं एक फंक्शन जागं होत होतं, आणि तीच फाइल पहिल्या अक्षरापासून पुन्हा वाचून काढत होतं. नवं कोरं. वर काकांचं नाव आणि शनिवारची तारीख.

माझं डोकं फिरलं. तीन आठवडे घासून मी चारांचं एक केलं, आणि या माणसाने गुपचूप पाचवं लिहून ठेवलं! वर तोंडावर म्हणतो, छान लिहिलं. मी उठून सरळ त्यांच्या टेबलाशी गेले आणि सगळ्यांच्या देखत मोठ्या आवाजात मराठीत भांडायला लागले.

"काका, हे काहून लिहिलं तुम्ही? माझं चुकलं असेल तर तोंडावर सांगायचं होतं!"

काका गोरेमोरे झाले. "हळू बोल बेटा."

"नाही बोलत हळू. काय चुकलं ते सांगा आधी."

"आपल्या त्या पत्रिका छापणाऱ्या गिऱ्हाइकाची कॉम्प्युटरची मशीन पाहिली हाय का तू?" काकांनी विचारलं. "आतला घड्याळाचा सेल मेलेला हाय. एक त्याचीच नाही, अर्ध्या गावाच्या मशिनी तशाच. लाइट गेली का घड्याळ जाते कुठल्या कुठं मागं, चार-पाच वर्षं. सकाळी मशीन ओरडते, लोक एक बटन दाबतात अन् कामाले लागतात. सेल कोणी बदलत नाही. आता तो पोरगा पत्रिकेत तारीख बदलते, चौदाची पंधरा. आकार तोच. वेळ मागची. तुझं फंक्शन काय म्हणते?"

माझं फंक्शन म्हणत होतं, बदललेली नाही. पत्रिकेवरची तारीख बदललेली, आणि आमचा प्रोग्राम ती जपून ठेवायलाच तयार नाही. छपाईवाला ते जमा झालं समजून घरी जाणार, आणि पुन्हा छापायची वेळ आली की आमच्याकडून जुनीच तारीख बाहेर येणार. माझे कान गरम झाले. मशीनचं घड्याळ मागे जाऊ शकतं हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. मी पुस्तकातल्या घड्याळाचा हिशेब धरून चालले होते.

"मग बदलायचं ना ते!" माझा आवाज उतरला होता, राग उतरला नव्हता. "एक ओळ तर होती. बाजूला अख्खं नवं फंक्शन कशाला?"

"तुझ्या लिहिण्याले मी हात कसा लावू?" काका म्हणाले. अगदी खरं म्हणाले. मी तीस-पस्तीस वर्षांनी लहान, तरी माझ्या ओळीला हात लावायचा त्यांना संकोच वाटला होता. नियम मोठ्यांसाठी आहे असं मी समजत होते. काका तो मलाही लावत होते.

मला काय वाटलं ते आजही धड सांगता येत नाही. लाज होती, माया होती, आणि राग तर होताच. त्या भरात जे महिनाभर पोटात ठेवलं होतं ते तोंडून निघून गेलं. "काका, तुम्हाला कळत कसं नाही? हे सगळं एक झालं की भैयाजी तुम्हाला काढणार आहेत."

बाकीच्यांना किती कळलं कोण जाणे.

"माहीत हाय मला," काका म्हणाले. "मलाच आधी विचारलं होतं त्यांनी, का हे काम कोणाले देऊ. मीच तुझं नाव सांगितलं."

मी त्यांच्या शेजारच्या स्टुलावर बसले. मी हळूच म्हटलं, "मग हे पाचवं राहू द्या काका. मी कोणाला सांगत नाही. यादी थोडी सावकाश येईल, येऊ दे. कोणी विचारलं तर म्हणू, हे फक्त काकांना कळतं."

काका हसले. "अन् माझ्यानंतर जो येईन, त्यानं काहून दोनदा वाचायचं?"

मग त्यांनी माझं फंक्शन उघडलं. माझ्याकडे बघितलं, आणि मी मान हलवेपर्यंत बोट थांबवून ठेवलं. मी मान हलवली. त्यांनी माझ्या त्या ओळीत एकच चिन्ह बदललं. 'वेळ पुढची असेल तर वाच' याचं झालं 'वेळ वेगळी असेल तर वाच', मग पुढे असो की मागे. खाली एक ओळ वाढवली, की घड्याळ मागे पडलेल्या मशीनवर काही विचारायचंच नाही, सरळ वाचायचं. भैयाजींनी सांगितल्यावाचून त्या ऑफिसात एकाने दुसऱ्याच्या लिहिण्याला हात लावल्याचं मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं. मग ते आपल्या पाचव्या फंक्शनवर गेले, वरपासून खालपर्यंत ते निवडलं आणि पुसलं. पुसताना मात्र त्यांनी मला विचारलं नाही.

यादी पुन्हा झटक्यात यायला लागली. छपाईवाल्याची चौदाची पंधराही नीट दिसली. महिन्याच्या शेवटी भैयाजींनी मिठाई मागवली, काकांना निरोपाची शाल दिली आणि चार बरे शब्द बोलले. काका जिना उतरत होते तेव्हा खालून कोणी येत होतं, म्हणून ते मधेच थांबले. मी वरून बघत होते. हाक मारावी वाटलं, पण हाक मारून काय सांगणार होते मी?

त्यानंतर मी एका गोष्टीची वाट बघायला लागले. ते फंक्शन कुठेतरी बिघडावं. एखादी विचित्र मशीन, एखादी वेडीवाकडी फाइल यावी, त्याने चुकीचं उत्तर द्यावं आणि मला काकांना फोन करायला कारण मिळावं. नुसता फोन करायला कोणी अडवलं नव्हतं. पण ज्यांची खुर्ची माझ्या हाताने गेली त्यांना "काय काका, कसे आहात?" असं कोणत्या तोंडाने विचारणार? काम असतं तर गोष्ट वेगळी होती. आठ महिने गेले. ते फंक्शन एकदाही चुकलं नाही. नव्या आलेल्या पोरांनी ते वाचलं, त्यांना कळलं, कोणाला काही विचारावंच लागलं नाही. इतकं चांगलं काम मी पुढे पुन्हा केलं नाही, आणि त्या आठ महिन्यांत मला त्याचा रोज राग यायचा.

शेवटी एका रविवारी सकाळी मी फोन लावला. असंच केला म्हणून सांगायचं, असं ठरवलं होतं. पहिल्याच घंटीला उचलला गेला, आणि नंबर बघूनच ओळखलं असावं, हॅलोच्या आधी काकांचा आवाज आला, "कुठं बिघडलं?"

त्या आवाजात इतका आनंद होता की ठरवलेलं मी सोडूनच दिलं. मी म्हटलं, "एका जागी अडलंय काका."

"मला वाटलंच! येऊन जा मग दुपारी. माझ्या घरी कॉम्प्युटर नाही, छापून आण."

आता छापायचं काय? मी ऑफिसची किल्ली आणून फंक्शन उघडलं. त्यात बोट ठेवायला जागा नव्हती. दहा मिनिटं बघत बसले, मग छापायच्या प्रतीतून मधली एक ओळ काढून टाकली आणि बाकीची पानं घेऊन निघाले. खोटं घेऊन वडीलधाऱ्या माणसाच्या घरी जायचं मला बरं वाटत नव्हतं. तरी गेले.

काकूंनी पोहे केले होते. म्हणाल्या, "सकाळपासून दोनदा पेन्सिल तासून झाली ह्यांची." काका पानं घेऊन खिडकीशी बसले. ओळीवरून पेन्सिल फिरत होती, ओठ हलत होते, पाठ हळूहळू ताठ होत गेली. मी पोहे खायचे विसरून त्यांच्याकडे बघत होते. मग पेन्सिल थांबली, बरोब्बर तिथेच. काकांनी चष्मा काढून माझ्याकडे बघितलं.

"ही चूक तुझी नाही."

"माझीच आहे काका."

"नाही बेटा. तू अशी चूक करत नाही. ही तू लावून आणली."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. काकांनी गाळलेली ओळ नकाशावर लिहायच्या त्या सुबक अक्षरांत पेन्सिलीने जागच्या जागी लिहिली, पानं सारखी केली आणि माझ्या हातात दिली.

"पुढच्या रविवारी जराशी कठीण लाव," म्हणाले. "ही तर पाच मिनिटांत सापडली."